गोळीला गोळी भेटते तेव्हा

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला सहसा कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पूर्वी शहाळं यायचं, मोसंबी यायची, फार तर ग्लुकोजचा डबा यायचा. आता व्हिटॅमिनच्या बाटल्या येतात. कुणी केसांसाठीच्या कॅप्सूल आणतं, कुणी हाडांसाठीच्या, तर कुणी ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या. आणणाऱ्याच्या मायेबद्दल शंका घेण्याचं कारणच नसतं. पण ज्याच्या पोटात आधीच रोज चार प्रकारची औषधं जात असतात, त्याला मात्र प्रश्न पडतो की हे घ्यावं की न घ्यावं? शहाळ्याच्या वेळी असा प्रश्न कधी पडला नव्हता.

मला तो पडला, कारण गेली काही वर्षं मी अशीच औषधं घेणारी बाई आहे. २०२१ च्या पावसाळ्यात सकाळी उठल्यावर माझ्या हाताची बोटं मिटेनात. तास-दीड तास ती ताठर राहायची. आधी वाटलं, कार्यालयातल्या टंकलेखनाचा त्रास असेल. मग कणीक मळता येईना, ओले कपडे पिळता येईनात, मुलीच्या वेणीला रिबन बांधता येईना. दोन्ही हातांची तीच बोटं, तेच सांधे सुजायचे. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, ‘र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिस’, म्हणजे आपल्या बोलीतला संधिवात. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. संधिवात म्हणजे आजीच्या गुडघ्यांचा आजार, एवढंच तोवर मला ठाऊक होतं.

पहारेकरी बिथरला की

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक पहाऱ्याची व्यवस्था असते. काही माणसांत हा पहारेकरी बिथरतो आणि घरच्याच माणसांना चोर समजून त्यांच्यावर काठी उगारतो. माझ्या बाबतीत त्याने सांध्यांचं अस्तर धरलं. कुणाच्या बाबतीत तो थायरॉइडची ग्रंथी धरतो, कुणाची त्वचा, कुणाची आतडी, तर ल्युपससारख्या आजारात एकाच वेळी अनेक अवयव. या सगळ्यांना मिळून ‘ऑटोइम्यून’ आजार म्हणतात. औषधांचं मुख्य काम या बिथरलेल्या पहारेकऱ्याला शांत करण्याचं असतं.

एवढं कळल्यावर ‘इम्युनिटी वाढवा’ ही जाहिरात मला वेगळीच दिसू लागली. ज्याला आवरण्यासाठी मी आठवड्याला औषध घेते, त्यालाच बळ देण्यासाठी आणखी पैसे मोजायचे? व्हिटॅमिन म्हटलं की चांगलंच, आणि चांगली गोष्ट जास्त घेतली की अधिक चांगलं, हे गणित आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की असा साधा प्रश्नही आपण विचारत नाही.

पण याचा अर्थ सगळी व्हिटॅमिन्स वाईट असाही नाही. माझ्या पहिल्याच चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दोन व्हिटॅमिनं लिहिली होती. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

इवलीशी पिवळी गोळी

माझं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिडची एक इवलीशी पिवळी गोळी. महिनाभर माझी गोळ्यांची डबी बघून सासूबाईंचा जीव कासावीस झाला. म्हणाल्या, “अगं, एवढ्या गोळ्या पोटात कशा मावतात? निदान ती व्हिटॅमिनची तरी सोड. पालेभाजी खातेसच की तू.”

माझ्या मनातही तेच होतं. कुठली तरी एक गोळी कमी झाली तर बरंच, असं प्रत्येक दीर्घ आजारी माणसाला वाटतं. पण सोडण्याआधी विचारावं म्हणून पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “बाकीच्या गोळ्यांबद्दल वाद घाला. हिला हात लावू नका.”

कारण असं आहे. मेथोट्रेक्सेट हे मुळातच फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणणारं औषध आहे. नव्या पेशी तयार व्हायला शरीराला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. त्याचा तुटवडा पडला की जिथे पेशी भराभर बदलतात तिथे आधी त्रास होतो. तोंड येतं, मळमळतं, रक्तपेशी कमी होतात, यकृताच्या तपासणीतले आकडे वाढतात. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड घेतलं की यातला बराच त्रास टळतो. मग औषधाचा गुण जात नाही का? नाही, कारण आठवड्याच्या छोट्या मात्रेत हे औषध सांध्यांची सूज कमी करतं ते बरंचसं निराळ्या मार्गाने. बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगतात. कुणी आठवड्यातून एकदा देतात, कुणी जास्त वेळा. आपल्या चिठ्ठीवर जे लिहिलं असेल तेच आपल्यासाठी खरं.

एक गोष्ट बहिणींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. गरोदर बाईला फॉलिक अ‍ॅसिड देतात हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून ते जोडीला असलं की मेथोट्रेक्सेट गरोदरपणातही चालेल, असा समज करून घेऊ नका. ते अजिबात चालत नाही. मूल हवं असेल तर त्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं आणि मध्ये काही काळ जाऊ द्यावा लागतो.

परळच्या गिरण्या आणि बॉस्टनचा दवाखाना

या पिवळ्या गोळीची पाळंमुळं शोधायला बसले तेव्हा ती थेट आमच्या मुंबईत निघाली. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र, जीवघेणा पंडुरोग व्हायचा. त्याचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. परळच्या हाफकिन संस्थेशी जोडून तिने ते केलं. या बायका काय खातात, कशा राहतात, हे तिने बारकाईने पाहिलं. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावून खातात त्या स्वस्तातल्या ‘मार्माइट’ने, हा पंडुरोग बरा होतो असं तिला आढळलं. १९३१ मध्ये तिने ते जगापुढे मांडलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड.

दुसरा धागा आंध्रातल्या भीमावरमचा. तिथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले आणि औषध संशोधक झाले. त्यांच्या गटाने प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं आणि नंतर त्याच्या कामात अडथळा आणणारी रसायनंही. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं होतं की रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड दिलं की आजार उलट बळावतो. मग त्यांनी त्याच्या विरोधी रसायन देऊन पाहिलं. काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. याच कुळातलं मेथोट्रेक्सेट पुढे संधिवातावरही उपयोगी पडू लागलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्या वापराला अधिकृत परवानगी मिळाली.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलेलं. त्यांची आजी गिरणीत साच्यावर होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या आजीची एक बहीण बाळंतपणात अशीच पांढरीफटक होऊन गेली म्हणायचे.” त्या दिवसापासून पिवळी गोळी सोड, असं त्या म्हणाल्या नाहीत. उलट सोमवारी सकाळी “गोळी घेतलीस का?” असं विचारू लागल्या.

मला मात्र यातून एक धडा मिळाला. एकच व्हिटॅमिन गिरणीतल्या बाईचा जीव वाचवतं, ल्युकेमियाच्या मुलाचा आजार वाढवतं आणि माझ्यासारखीला औषध सोसायला मदत करतं. तेव्हा ‘हे व्हिटॅमिन चांगलं की वाईट’ असं नुसतं विचारून चालत नाही. कुणासाठी, कशासोबत आणि किती, हे विचारावं लागतं.

रविवार म्हणजे रविवारच

दवाखान्याच्या बाकड्यावर ओळखी लवकर होतात. तिथेच एका बाईंनी त्यांच्या यजमानांची हकिगत सांगितली. त्यांनाही हीच दोन औषधं होती. गावातल्या दुकानदाराने पाकिटावर खूण करताना घोटाळा केला. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही लहान. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली आणि रोजची गोळी आठवड्याला. दहा-बारा दिवसांत तोंड इतकं आलं की पाणी गिळता येईना. रक्त तपासलं तर पेशी धोक्याच्या पातळीखाली उतरलेल्या. त्यांना दवाखान्यात ठेवून वेगळी इंजेक्शनं द्यावी लागली. सुदैवाने ते वाचले.

ते ऐकल्यावर घरी आले आणि कॅलेंडरवरच्या प्रत्येक रविवारभोवती लाल वर्तुळ काढलं. मेथोट्रेक्सेट आठवड्याच्या एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं, तो दिवस चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहून घ्यायचा आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. गोळ्या पाकिटातून काढून एका बाटलीत भरून ठेवायची सवय आपल्या घरांत फार असते. या औषधाच्या बाबतीत तरी ती मोडायलाच हवी.

न्यू जर्सीची पिशवी

दोन वर्षांपूर्वी माझी नणंद दिवाळीला अमेरिकेहून आली. बॅगेतून चॉकलेटं निघाली, मुलीसाठी बूट निघाले आणि मग माझ्यासाठी एक मोठी पिशवी. त्यात सहा बाटल्या. “वहिनी, तिकडे सगळे घेतात. एकदम शुद्ध माल. सहा महिन्यांत बघ, तुझी ती जहरी औषधं सुटतील.” तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. माझी सुजलेली बोटं तिने तेव्हा पहिल्यांदाच बघितली होती.

‘औषधं सुटतील’ हे शब्द ऐकायला किती गोड असतात, हे निरोगी माणसाला कळणार नाही. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, यकृताचा आकडा काय येतो म्हणून धास्तावायचं, बाहेरगावी जाताना आधी औषधं भरायची. यातून सुटका होत असेल तर कुणाला नको आहे? त्या रात्री मी बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसले. मन म्हणत होतं, घेऊन तर बघ.

पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्गात आमचे सर सांगायचे, बातमी हाती आली की तिला कोण, काय, कधी, कुठे आणि का हे प्रश्न विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर बातमी छापू नका. मी म्हटलं, हीच शिस्त बाटल्यांना लावावी. सहाही बाटल्या पिशवीत घालून मी पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. नणंदेला सांगितलं, “डॉक्टरांना दाखवून सुरू करते.” तिलाही ते पटलं.

टेबलावरचे तीन ढीग

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि प्रत्येक बाटलीची मागची बारीक अक्षरं वाचली. मग बाटल्यांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग ‘हवं असेल तर घ्या’चा. त्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या. संधिवातात त्यातल्या ओमेगा-३ ने दुखणं थोडं कमी होतं, असा काही अभ्यासांचा निष्कर्ष आहे, पण मात्रा बरीच लागते. मुख्य औषधाची जागा ते घेत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी विचारायलाच हवं. मी बांगडा आवडीने खाणारी, त्यामुळे त्यावर आमचं पटकन जमलं.

दुसरा ढीग ‘तुम्हाला आधीच मिळतंय’चा. त्यात ड जीवनसत्त्वाची बाटली आणि मल्टिव्हिटॅमिन. माझ्या रक्तात ड कमी निघालं होतं, म्हणून आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटांची पुडी ठरावीक आठवड्यांसाठी चालू होती. सुरुवातीचे काही महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही होतं. ते हाडं ठिसूळ करतं म्हणून कॅल्शियमची गोळी दिली होती आणि त्या कॅल्शियमच्या गोळीतही ड होतंच. वर ही बाटली आणि मल्टिव्हिटॅमिनमधलं आणखी थोडं. म्हणजे एकच गोष्ट चार दरवाज्यांनी घरात येणार. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीतून निघून जातं. पण अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी. यांतलं ड फार झालं, की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान लागते, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आठवड्याची पुडी चवीला गोड लागते म्हणून रोज घेणारी माणसंही डॉक्टरांनी पाहिली होती.

तिसरा ढीग ‘नको’चा. एकीत एकिनेशिया ही प्रतिकारशक्तीला चेतवणारी म्हणून विकली जाणारी वनस्पती आणि जोडीला ५० मिलिग्रॅम जस्त. बिथरलेल्या पहारेकऱ्याला चेतवायचं कशाला, हा एक भाग. शिवाय इतकं जस्त महिनोन् महिने घेतलं, तर शरीरातलं तांबं कमी होऊन नवाच पंडुरोग उभा राहू शकतो. दुसरीत हळदीचा तीव्र अर्क, मिरीच्या अर्कासह. तिसरी बाटली केसांची, बायोटिनची.

केसांच्या गोळीला मी नाराजीने निरोप दिला, कारण औषधांनी माझे केस खरोखरच विरळ झाले होते. डॉक्टर म्हणाले, “बायोटिन विषारी नाही. पण ते प्रयोगशाळेला फसवतं.” आपल्याला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. त्या कॅप्सूलमध्ये होतं १०,०००. रक्ताच्या अनेक तपासण्यांत बायोटिनचा रासायनिक चिकटपणा वापरलेला असतो. रक्तात ते फार असलं की काही आकडे खोटेच वर जातात आणि काही खोटेच खाली. थायरॉइडचा रिपोर्ट असा येतो की चांगल्या बाईला ग्रंथी अति काम करत असल्याचा आजार आहे असं वाटावं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही चुकून कमी दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून बायोटिन घेत असाल तर ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेलाही सांगा. तपासणीआधी किमान दोन दिवस, किंवा ते सांगतील तितके दिवस, ते बंद ठेवा.

आत्याचा सकाळचा चहा

आमची नागपूरची आत्या याहून साध्या कारणाने दोन वर्षं हैराण होती. तिला हाशिमोटोचा आजार आहे. १९१२ मध्ये जपानचे डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी तो प्रथम वर्णिला म्हणून हे नाव. यातही पहारेकरी बिथरलेला, पण मार खाते थायरॉइडची ग्रंथी. त्यावर आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते.

आत्या नेमाची. सकाळी उठली की थायरॉइडची गोळी, लगेच कॅल्शियमची, त्यावर रक्त वाढवायची लोहाची आणि वरून कपभर चहा. एकदम सगळं उरकलं की दिवस मोकळा! पण तिचा टीएसएचचा आकडा काही खाली येईना. दोनदा मात्रा वाढवली. थकवा, वजन, पायाची सूज तशीच. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, गोळ्या कशा घेता ते मला करून दाखवा बरं.” आत्याने हवेतच चार बोटं तोंडात घालून दाखवली आणि उलगडा झाला.

कॅल्शियम आणि लोह हे पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्याला रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर निदान चार तासांनी. शिवाय ही दोन्हीही एकमेकांबरोबर नकोत आणि लोहाबरोबर चहा तर नकोच. आत्याने कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह रात्री घ्यायला सुरुवात केली. औषध तेच, गोळ्या त्याच. बदललं ते घड्याळ. तीन महिन्यांत आकडा ठिकाणावर आला आणि वाढवलेली मात्रा कमी करावी लागली.

अशीच एक खबरदारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी घ्यायची. ते मलाही चालू आहे. त्याच्यात आणि आम्लपित्तावरच्या अँटासिड औषधात चार तासांचं अंतर ठेवावं लागतं.

घरचं म्हणजे निर्धोकच?

“पण गुळवेल तर आपलीच आहे ना?” हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न. करोनाच्या काळात आमच्या सोसायटीच्या कुंपणावरचा गुळवेल महिन्याभरात संपला होता, इतका काढा घरोघरी उकळत होता.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताची इजा ऑटोइम्यून आजारासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, अशी त्यांची बाजू होती. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून आणखी रुग्णांची नोंद मांडली. हा वाद तज्ज्ञांचा आहे, तो मी काय सोडवणार? पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माझ्यासारखीचं यकृत आधीच पहाऱ्याखाली असतं. वाद मिटेपर्यंत गुळवेल कुंपणावरच शोभून दिसते, एवढा निर्णय मी माझ्यापुरता घेतला.

हळदीचंही तसंच. वरणात, भाजीत, रात्रीच्या दुधात चिमूटभर हळद पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, ती चालू द्या. पण कॅप्सूलमधला तीव्र अर्क ही चिमूट नव्हे. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून बिननावाच्या ज्या पुड्या मिळतात, त्यांच्यापासून तर चार हात दूर राहा. अशा काही पुड्यांत चक्क स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. आठवड्यात आराम पडतो तो त्यामुळे.

एक आकडा, दोन अर्थ

ड जीवनसत्त्वाने ऑटोइम्यून आजार टळतात, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. ती खोटी नाही. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक माणसांवर केलेला ‘व्हायटल’ नावाचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष पन्नाशीचे व पुढचे, बायका पंचावन्न आणि पुढच्या. निम्म्यांना रोज २,००० युनिट ड, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. सुमारे पाच वर्षांत ड घेणाऱ्या गटात १२३ जणांना नवा ऑटोइम्यून आजार झाला, दुसऱ्या गटात १५५ जणांना. म्हणजे २२ टक्के कमी.

पण बातमी सांगत नाही ते असं, की ही माणसं आजार होण्याआधी गोळी घेत होती. झालेला आजार ड जीवनसत्त्वाने बरा होतो, असं हा अभ्यास म्हणत नाही. आणि मात्रा होती रोज २,००० युनिट, रोज साठ हजार नव्हे. टक्का मथळ्यात शोभतो, पण निर्णय घेताना माणसं मोजावीत.

आता शिधा-सामानासारखी व्हिटॅमिनंही घरपोच येतात. बाटली हातात आली की एक गोष्ट करा. आपल्या देशात आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं वाक्य छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आश्वासन आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे वाक्य. वाचायची सुरुवात मागून करा.

वहीतलं एक पान

माझ्याकडे आता एक साधी दोनशे पानी वही आहे. त्यात पहिल्या पानावर मी सगळं लिहून ठेवलं आहे. डॉक्टरांची औषधं, व्हिटॅमिनं, पित्ताची गोळी, काढा, केसांचं टॉनिक, सगळं. समोर मात्रा, वेळ, कुणी सांगितलं, कशासाठी आणि केव्हापर्यंत. ‘केव्हापर्यंत’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आपल्या घरात सुरू झालेली गोळी सहसा बंद होत नाही. कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दातांच्या डॉक्टरांकडेही, मी ते पान उघडून ठेवते. त्यांना काही अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाहीत हे पान बघून लगेच कळतं.

आणि दोन गोष्टी मी कधीच करत नाही. बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनाने बंद करत नाही आणि स्टेरॉइड तर एका दिवसात मुळीच नाही; ते पायरी-पायरीने उतरवावं लागतं. शिवाय दुसरीला गुण आला म्हणून तिची बाटली उचलत नाही. तिचा आजार तिचा, माझा माझा.

माझी औषधं सुटलेली नाहीत. पण स्टेरॉइड थांबलं, ड ची पुडी थांबली आणि मेथोट्रेक्सेटची मात्राही थोडी उतरली. मुलीच्या वेणीला आता मी रिबन बांधू शकते. हे कुठल्या एका गोळीने झालं असं मी म्हणणार नाही. ठरलेल्या गोळ्या ठरलेल्या वेळी घेतल्या आणि नको त्या घेतल्या नाहीत, एवढंच सांगता येईल.

नणंदेला काय सांगायचं, हा प्रश्न उरला होता. तीन बाटल्या नको म्हणून परत ठेवल्या हे कळल्यावर तिला वाईट वाटेल अशी धास्ती होती. तिचा फोन आला तेव्हा मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, बायोटिन आणि थायरॉइडच्या रिपोर्टचंही. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिचा आवाज आला, “वहिनी, मी तर तीन वर्षं घेतेय ते. पुढच्या गुरुवारी माझी थायरॉइडची तपासणी आहे. किती दिवस आधी बंद करू म्हणालीस?”

मी म्हटलं, “वही घे आणि लिहून घे. आणि तुझ्या डॉक्टरांनाही विचार.”